अफीफेची फाटकापलीकडची झाडं

करोनाच्या आदल्या वर्षीची गोष्ट. सप्टेंबर संपत आला होता. अफीफे तिच्या अंगणात बसून उकडलेल्या लहान वांग्यांत अक्रोड, लसूण आणि लाल मिरची भरत होती. अशी वांगी बरणीत रचून वरून तेल ओतलं की हिवाळाभर न्याहारीची चिंता नसते. मी समोर बसून लसूण सोलत होते. तेवढ्यात तिचा मधला मुलगा नख्ले आला. हातात कागद होते, आणि हसावं की कपाळाला हात लावावा हे त्याचं त्यालाच कळत नव्हतं.

"आई, परवाने आले."

"देव पावला! कुणाकुणाचे?"

"तुझा."

"बरं. आणि?"

"उम्म फुआदचा," तो माझ्याकडे बघून म्हणाला. आमच्याकडे थोरल्या मुलाच्या नावाने आईला उम्म आणि बापाला अबू म्हणतात.

"आणि?"

"वदीआचा. आणि हिलवेमावशीचा."

अफीफेने हातातलं वांगं खाली ठेवलं. "आणि तुझा? धाकट्याचा?"

"नामंजूर. सुरक्षेच्या कारणावरून."

"तुझ्यापासून कसली सुरक्षा? तू झुरळाला भितोस!"

"ते त्यांना माहीत नसेल," नख्ले म्हणाला आणि एक भरलेलं वांगं उचलून तोंडात टाकलं.

अफीफेच्या सासरची जैतुनाची झाडं बैत जालाच्या खालच्या दरीत आहेत. मधून इस्रायलची भिंत गेली. भिंतीत एक लोखंडी फाटक आहे, ते तोडणीच्या दिवसांत सकाळी एकदा आणि दुपारी एकदा उघडतं, आणि ज्याच्याकडे परवाना आहे त्यालाच आत सोडतं. अर्ज कसा करावा याबद्दल आमच्या गल्लीत घरटी एक मत आहे. कुणी म्हणतं दहा नावं मागावीत, म्हणजे पाच मिळतात. कुणी म्हणतं अर्ज रविवारी करावा, तेव्हा साहेबांची आठवड्याची सुरुवात असते आणि त्यांचं डोकं थंड असतं. अफीफेचं मत असं, की दोन दणकट पुरुषांचीच नावं दिली तर ती वाचणाऱ्याला बोचतात. म्हणून आजूबाजूला म्हाताऱ्यांची नावं पेरावीत. अर्ज निरुपद्रवी दिसतो.

त्यासाठी तिने आमची ओळखपत्रं मागून नेली होती. शेजारणीला वाटीभर साखर द्यावी तसं मी माझं दिलं. वदीआने दिलं, जी गुडघ्यांमुळे चर्च आणि दवाखाना सोडून कुठे जात नव्हती. हिलवेमावशीने दिलं, जिने ऐंशी ओलांडली होती आणि जिला फक्त हवं तेवढंच ऐकू यायचं. आमच्यापैकी एकीलाही दरीत जायचं नव्हतं. आम्ही ताटावर भुरभुरलेली कोथिंबीर होतो.

"साहेबाने कोथिंबीर ठेवली आणि मटण काढून टाकलं," ही बातमी ऐकून वदीआ म्हणाली. ती इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. मग तिच्या ध्यानात आलं की त्या कोथिंबिरीत आपणही आहोत.

अफीफे मात्र हसली नाही. का, ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. तिचा थोरला मुलगा मित्री चिलीत, सान्तियागोला असतो. आमच्या गावची निम्मी आडनावं तिकडच्या दुकानांच्या पाट्यांवर आहेत. आदल्या वर्षी परवाने आले ते तोडणी उलटून गेल्यावर. जैतून झाडाखाली गळून काळं पडलं आणि कुजलं. नाताळात मित्रीचा फोन आला. तो म्हणाला, आई, आता पुरे. जमीन तुझी आहे हे कागदावर ठीक, पण तिथे तुला जाता येत नाही, पडून राहिलेली जमीन आज ना उद्या हातातून जाणारच. तू इकडे ये. अफीफे त्या दिवशी थकलेली होती. तिने सांगून टाकलं, "येत्या वर्षी दरीतलं तेल घरात आलं, तर हा विषय पुन्हा काढायचा नाही. नाही आलं, तर माझं तिकीट काढ."

मित्रीने "ठरलं" म्हटलं. बोलणं फोनच्या मोठ्या आवाजावर चाललं होतं, तेव्हा गल्लीतले सगळेच साक्षीदार होते.

अफीफे आणि मी नन्सच्या शाळेत एका बाकावर बसायचो. सिस्टर क्लोतिल्द तिला नेहमी म्हणायच्या, मुलीच्या जातीने गुडघे जुळवून बसावं, आणि हळू बोलावं. गुडघे तिने जुळवले. आवाजाचं मात्र कुणालाच काही करता आलं नाही. अठराव्या वर्षी तिचं लग्न दगडाच्या खाणीत काम करणाऱ्या बिशाराशी झालं. बिशारा आठवडाभर दगड घडवायचा आणि रविवारी मिस्सा झाली की दरीत उतरायचा. झाडांची छाटणी तो स्वतः करायचा, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसे. तोडणीत काठी वापरायला त्याची सक्त मनाई होती. काठीने झोडपलं की कोवळे कोंब तुटतात आणि पुढल्या वर्षी झाड रुसतं, असं तो म्हणायचा. हाताने ओरबाडून, गाय पिळतात तसं, फांदीवरून फळ उतरवायचं. भिंत पुरी झाली त्याच्या पुढच्या वर्षी तो गेला. लोक म्हणतात भिंतीने गेला. अफीफे त्यांना दुरुस्त करते. "सिगारेटने गेला. मी त्याला सांगत होते."

तपासणीच्या नाक्यांवर तिचं वागणं आपल्या अंगणात असावं तसं असतं. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जेरुसलेमला जायचं म्हणजे मोठ्या नाक्यातून जावं लागतं. फिरत्या दांड्या, काचेमागचे शिपाई, पट्ट्यावर ठेवायच्या पिशव्या. अफीफे प्रत्येक शिपायाला मोठ्याने "शुभ सकाळ" म्हणते आणि उत्तर येईपर्यंत हलत नाही. हातातल्या सोन्याच्या बांगड्यांमुळे यंत्र दरवेळी ओरडतं. त्या घरी ठेवून ये असं मुलं म्हणतात. ती म्हणते, "यंत्राला सवय होईल."

तर परवाने आमच्या नावाचे होते. अफीफेने एकेकीला विचारलं नाही, कुणी नाही म्हणावं अशी तिने संधीच ठेवली नाही. तिने संध्याकाळी आम्हा तिघींना जेवायला बोलावलं, टोमॅटो आणि मिरचीची भाजी केली, अंडी फोडून घातली, आणि जेवण झाल्यावर म्हणाली, "ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात चार दिवस. सकाळी लवकर निघायचं."

"अगं उम्म मित्री, माझे गुडघे!" वदीआ म्हणाली.

"गुडघ्यांना परवाना नाही लागत. तुला लागतो, तो आहे."

"मी तिथे करणार काय? वाकता येत नाही, चढता येत नाही."

"बसून पानं निवड."

हिलवेमावशीला कुणीतरी कानात ओरडून सांगितलं. तिने शांतपणे कॉफी संपवली. "मला वाटलं कुणी विचारतच नाही," ती म्हणाली.

पहिल्या दिवशी नख्ले आम्हाला गाडीतून फाटकापर्यंत घेऊन आला. ताडपत्र्या, बादल्या, पोती, पाणी, रोट्या, उकडलेली अंडी आणि बिशाराची लाकडी शिडी. नख्ले फाटकाच्या अलीकडेच थांबला. फाटक उघडायला दोन शिपाई आले. एक अगदी कोवळा, कानांवर अजून उन्हाने सोललेली कातडी. त्याने परवाने बघितले, आम्हाला बघितलं, परत परवाने बघितले. मग त्याची नजर शिडीवर गेली.

"शिडी नाही," तो मोडक्या अरबीत म्हणाला.

"शुभ सकाळ," अफीफे म्हणाली.

"शुभ सकाळ. शिडी नाही, हज्जे. मना." म्हाताऱ्या बाईला हे शिपाई हज्जेच म्हणतात.

"झाडं उंच आहेत, बाळा."

"भिंत पण उंच." त्याने बोट दाखवलं.

आम्ही सगळ्यांनी मान वर करून भिंतीकडे बघितलं. मग अफीफेने हिलवेमावशीचा हात धरून तिला पुढे आणलं. "ही चढणार? हिला जिना चढताना दोन माणसं लागतात. आणि चढून ही जाणार कुठे?"

दुसऱ्या शिपायाला हसू आलं, ते त्याने खोकल्यात लपवलं. पण शिडी काही आत गेली नाही. नख्लेने ती परत गाडीवर बांधली. बांधताना तो जे बोलत होता ते त्याच्या आईने ऐकलं नाही असं दाखवलं.

आत गेलो. दोन वर्षांनी अफीफे त्या जमिनीवर पाय ठेवत होती. गवत कमरेपर्यंत, दगडी बांध दोन ठिकाणी ढासळलेला, आणि झाडं फळांनी वाकलेली. एक वर्ष कुणी न तोडल्यामुळे की काय कोण जाणे, असा बहर मी त्या दरीत पाहिला नव्हता. अफीफे पहिल्या झाडापाशी गेली आणि त्याच्या खोडावर दोनदा थाप मारली, खूप दिवसांनी भेटलेल्या दिराला मारावी तशी. मग कमरेला ओढणी बांधून म्हणाली, "चला."

त्या दिवशी आम्ही हाताला येईल तेवढं तोडलं. आमच्याकडे शिडीवर पुरुष चढतात आणि बायका खाली वेचतात. असंच चालत आलं आहे, त्यामुळे आमच्यापैकी कुणी जन्मात वरच्या फांदीला हात लावला नव्हता. दुपारपर्यंत खालच्या फांद्या रिकाम्या झाल्या आणि वर, ऊन खाऊन टपोरं झालेलं, खरं तेलाचं फळ तसंच राहिलं. आम्ही झाडाखाली बसून रोटी, अंडं आणि झातरचा मसाला खाल्ला आणि वर बघत राहिलो.

"काठीने झोडपू," वदीआ म्हणाली. "कुणाला कळतंय?"

"मला कळेल," अफीफे म्हणाली.

"अबू मित्री स्वर्गात गेला. त्याला तिथे दुसरी झाडं असतील."

"असतील. ती पण तो कुणाला झोडपू देत नसेल."

फाटकावर परतलो तेव्हा मोजकीच पोती होती. नख्लेने ती गाडीत टाकली. "आई, एवढ्यावर घाण्याचं चाक फिरणार नाही," तो म्हणाला. त्या रात्री मित्रीने फोन केला तर तिने उचलला नाही. नातीला म्हणाली, सांग आजी झोपली.

दुसऱ्या दिवशी ती गाडीपाशी आली तेव्हा तिच्या अंगावर बिशाराची खाकी विजार होती, कमरेला सुतळीने आवळलेली. वर नेहमीचा काळा झगा गुडघ्यापर्यंत खोचलेला. आणि बरोबर स्वयंपाकघरातल्या चार लाकडी खुर्च्या.

"हे काय घातलंयस, बाई!" वदीआने क्रूसाची खूण केली.

"सिस्टर क्लोतिल्द बघत नाहीत. तू बघू नकोस."

फाटकावर तोच कोवळा शिपाई. त्याने खुर्च्यांकडे बघितलं.

"खुर्च्या कशाला?"

"म्हणजे काय? बसायला," अफीफे म्हणाली. "चार म्हाताऱ्या, चार खुर्च्या. तुझी आजी जमिनीवर बसते का?"

त्याने थोडा विचार केला. खुर्च्यांबद्दल त्याला कुणी काही सांगून ठेवलेलं दिसत नव्हतं. आम्ही आत गेलो.

आमच्याकडच्या जमिनी पायऱ्यापायऱ्यांच्या. वरच्या पायरीच्या दगडी बांधावर खुर्ची टेकवली की खालच्या पायरीवरच्या झाडाचा शेंडा हाताला येतो, हे अफीफेने रात्रभर जागून शोधून काढलं होतं. मी आणि हिलवेमावशीने खुर्ची धरायची आणि तिने चढायचं. पहिल्यांदा ती चढली तेव्हा आम्ही दोघींनी डोळे मिटले. वदीआ खाली ताडपत्रीवर बसून हुकूम सोडत होती. "डावीकडे! अगं, डावीकडे! तिथे घोसचे घोस आहेत. सावकाश! पडलीस तर माझ्यावर पडू नकोस!"

काही झाडं बांधापासून लांब होती. तिथे खुर्चीचा उपयोग नव्हता. अफीफे एका झाडाभोवती दोन फेऱ्या मारून कमरेवर हात ठेवून उभी राहिली. तेवढ्यात हिलवेमावशीने बूट काढले, मोजे काढले, ते नीट घडी करून बुटांत ठेवले, आणि खोडाच्या बेचक्यात पाय रोवून वर गेली. इतक्या सहज गेली की आम्ही ओरडायचं विसरलो.

"मावशी! खाली या!" मी शेवटी म्हणाले.

"काय?"

"खाली या म्हटलं! पडाल!"

"मला ऐकू येत नाही," ती वरून म्हणाली, आणि फळं आमच्या डोक्यांवर गारांसारखी पडायला लागली.

मग कळलं की लहानपणी, वडिलांना मुलगा नव्हता म्हणून, लग्न होईपर्यंत तीच झाडावर चढायची. लग्न झाल्यावर सासूने बंद केलं. साठ वर्षं तिने हे कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं. तिच्यामागोमाग अफीफे चढली. मग, खोटं कशाला सांगू, पहिल्या बेचक्यापर्यंत मीही गेले. वरून दरी वेगळीच दिसते. भिंत सुद्धा जरा कमी उंच वाटते.

दोन दिवस आम्ही असं काम केलं. हात काळे पडले, पाठी आखडल्या, आणि इतकं हसलो की शाळा सुटल्यापासून तेवढं हसल्याचं मला आठवत नाही. वदीआ बसल्याजागी पानं निवडायची आणि गल्लीतल्या प्रत्येक घराची खबर द्यायची. झाडं दरीच्या पलीकडच्या चढावर, म्हणून फाटकाकडची वाट नशिबाने उताराची आहे. भरलेली पोती ताडपत्रीवर ठेवून आम्ही ती घसरत नेत होतो. तिसऱ्या दिवशी मात्र वेळेचा अंदाज चुकला. शेवटचं झाड संपवायच्या नादात फाटकाचं भान राहिलं नाही. निम्मी पोती झाडाखालीच सोडून धावावं लागलं. धावणं म्हणजे आमच्या परीने.

"उद्या नेऊ," अफीफे म्हणाली. "उद्याचा दिवस आहे अजून."

चौथ्या दिवशी सकाळी फाटक उघडलंच नाही.

का, ते कुणी सांगितलं नाही. इतर शेतांचे लोक आले, वाट बघितली, शिव्या दिल्या, गेले. नख्लेने कार्यालयात फोन लावला तर घंटी वाजत राहिली. पोत्यात बांधलेलं जैतून गरम होतं आणि दोन-तीन दिवसांत आंबतं. त्याच्या तेलाला मग कुबट वास येतो. आणि परवाना त्या संध्याकाळी संपत होता. आत जे होतं ते सगळ्यात चांगलं फळ होतं, वरच्या फांद्यांवरचं. त्याच्याशिवाय घाण्यावर जायचं म्हणजे वर्षाचं तेल नव्हे, चवीपुरतं तेल.

"आई, चल घरी," नख्ले म्हणाला. "उन्हात कशाला बसतेस?"

"गाडीतून खुर्च्या काढ."

त्याने काढल्या. फाटकासमोर रस्त्यावर आम्ही चौघी ओळीने बसलो. वदीआने शेगडी आणायला लावली आणि कॉफी चढवली. नख्लेची बायको भरलेल्या कोबीच्या गुंडाळ्या घेऊन आली. येणारे-जाणारे थांबत होते, एक कप घेत होते, सल्ले देत होते. अफीफे कुलपाकडे बघत बसली होती. एकदाच माझ्याकडे वळून म्हणाली, "सान्तियागोला ऑक्टोबरात वसंत असतो. तुला माहीत होतं?"

"नाही."

"मित्री म्हणतो, तिथे डोंगरावर बर्फ दिसतं घरातून." मग थोड्या वेळाने, "मला तिथे कोण भांडायला मिळेल?"

मी तिला कॉफी ओतून दिली.

दुपार कलल्यावर जीप आली. तोच कोवळा शिपाई उतरला, बरोबर त्याचा कुणी वरिष्ठ. कुलूप काढलं.

"दहा मिनिटं," शिपाई म्हणाला. "फक्त सामान आणा. दहा मिनिटं, मग बंद."

"शुभ दुपार," अफीफे म्हणाली. पण यावेळी उत्तरासाठी थांबली नाही. ती, मी आणि हिलवेमावशी आत निघालो. दहा मिनिटांत आम्ही नुसत्या झाडापर्यंत पोचलो असतो. वदीआ सगळ्यात मागे, खुर्ची ओढत. फाटकाच्या बरोबर मधोमध, जिथे लोखंडी दाराचा रूळ आहे तिथे, तिने खुर्ची ठेवली आणि बसली.

"हज्जे, आत किंवा बाहेर," शिपाई म्हणाला.

"आत येत नाही रे बाळा, गुडघे. बाहेर जात नाही, गुडघे."

"इथे बसायचं नाही."

"मी कुठे बसतेय? मी पडू नये म्हणून खुर्ची आहे."

हे पुढचं सगळं आम्हाला मागून नख्लेने सांगितलं. वरिष्ठ ओरडला. वदीआने त्याला गुडघे दाखवले, दोन्ही, आणि कोणत्या गुडघ्याचं कधी काय झालं ते पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. ती जेव्हा दुखण्याबद्दल सांगते तेव्हा फादरसुद्धा घड्याळ बघतात. शिपायाने तिला हात देऊन उठवायचा प्रयत्न केला, तर ती इतकी कळवळली की त्याने हात सोडला. वायरलेसवर बोलणं झालं. पलीकडून काय सांगितलं कुणास ठाऊक, पण वरिष्ठ जीपमध्ये जाऊन बसला आणि सिगारेट पेटवली.

आम्ही पोती आणत होतो. एक खेप, दुसरी खेप. ताडपत्री दगडावर फाटली तेव्हा अफीफेने झगा कमरेला खोचला आणि पोतं पाठीवर घेतलं. हिलवेमावशीला शिपाई लांबून "लवकर, लवकर" ओरडत होता. ती थांबली, कानाला हात लावला, गोड हसली आणि आपल्या चालीने चालत राहिली. शेवटचं पोतं आणलं तेव्हा सावल्या भिंतीला टेकल्या होत्या. वदीआच्या दोन्ही बाजूंनी, तिच्या खुर्चीला वळसा घालून, आम्ही ते बाहेर काढलं.

"झालं?" तिने विचारलं.

"झालं."

"मग मला उठवा. पाय मेले माझे."

नख्ले आणि तोवर येऊन पोचलेला त्याचा धाकटा भाऊ, दोघांनी तिला खुर्चीसकट उचलून गाडीत ठेवलं. कोवळ्या शिपायाने फाटक ओढून घेतलं. अफीफेने त्याला कोबीच्या गुंडाळ्यांचं ताट दाखवलं. त्याने जीपकडे बघितलं, मान हलवून नाही म्हटलं, आणि कुलूप लावलं. तो कुणाचा तरी मुलगा आहे, एवढंच ती त्याच्याबद्दल म्हणाली. आणि त्यामुळे फाटक कुणाचं आहे हे बदलत नाही, हेही म्हणाली.

घाण्यावर रांग होती. तोडणीच्या दिवसांत तिथे अख्खं गाव भेटतं. यंत्रांच्या आवाजात ओरडून बोलायचं, कुणाचं किती निघालं ते विचारायचं, आपलं थोडं कमी सांगायचं. आमची पाळी आली. पोती ओतली गेली, फळं धुतली गेली, दळली गेली. मग नळीतून पहिली धार आली, हिरवी, जाड, घशाला झोंबेल अशा वासाची. घाणेवाला अबू हन्ना म्हणाला, "हे कुठलं?" अफीफे म्हणाली, "दरीतलं." त्याने टोपी काढली. एवढंच, पण रांगेतल्या सगळ्यांनी ते बघितलं.

तिथेच शेगडीवर रोटी भाजली जाते आणि ताज्या तेलात बुडवून खाल्ली जाते. अफीफेने पहिला तुकडा वदीआला दिला, दुसरा हिलवेमावशीला, तिसरा मला. मग नख्लेला म्हणाली, "लाव फोन तुझ्या भावाला."

मित्री पडद्यावर आला. तिकडे दुपार होती. अफीफेने फोन नख्लेच्या हातातून घेतला आणि तेलाच्या डब्यांकडे फिरवला. एक, दुसरा, सगळे. मग स्वतःचे काळे हात दाखवले.

"बघितलंस?"

"बघितलं, आई."

"काठी लावली नाही."

"तुम्ही चौघींनी? वरच्या फांद्या?"

"हिलवेमावशी चढली."

मित्री म्हणाला, "आई, मी खोली तयार करून ठेवली होती. तुझी. रंग पण दिला."

"कोणता?"

"निळा. तुला आवडतो तो."

"छान दिसत असेल," अफीफे म्हणाली. तिचा आवाज थोडा खाली आला. तेवढा खाली मी तो कधी ऐकला नव्हता. "उघडी ठेवू नकोस, धूळ बसेल. कुणाला तरी भाड्याने दे. चांगलं कुटुंब बघून दे."

मित्री हसला. मग त्याने फोन कुठेतरी आडवा ठेवला असावा, कारण पडद्यावर नुसतं त्याच्या घराचं छत दिसायला लागलं, आणि त्यावर फिरणारा एक पंखा. नाक ओढल्याचा आवाज येत होता. अफीफेने फोन बंद केला नाही. तो समोरच्या डब्याला टेकवून ठेवला, रोटीचा तुकडा तेलात बुडवला, आणि त्या छताकडे बघत सावकाश खात राहिली.